कपाटाचा मागचा अर्धा भाग

ओट्यावर एवढं सामान का मांडून ठेवतेस, यावरून आईशी मी कितीतरी वर्षं वाद घातला. मिक्सर, दोन कुकर, डब्यांची रांग, झाऱ्या-पळ्यांनी भरलेला उभा डबा, उपडी घातलेली पातेली. काम करायला मध्ये जेमतेम हातभर जागा. "आई, खाली एवढी कपाटं आहेत, ती काय नुसती शोभेला आहेत?" असं मी विचारायची. "असू दे गं, रोज लागतं ते," एवढंच ती म्हणायची. मी तिच्याकडे गेले की पहिल्या तासाभरात ओटा रिकामा करायची, सगळं खाली नीट लावायची आणि समाधानाने हात पुसायची. पुढच्या वेळी जाऊन बघावं तर सगळं परत वर. मी ते सवयीच्या खात्यात टाकलं होतं. वय झालं की माणसं हट्टी होतात, असंही मनात म्हटलं असेन.

एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तिला ते कळलं नव्हतं. तिला मोठं पातेलं हवं होतं. डाव्या हाताने तिने ओट्याची कड घट्ट धरली, उजवा गुडघा हळूहळू जमिनीला टेकवला, मग डावा. कपाटाचं दार उघडलं. पुढची तीन भांडी एकेक करून फरशीवर काढून ठेवली, मग हात खांद्यापर्यंत आत घातला. गाल कपाटाच्या कडेला टेकलेला, डोळे मिटलेले, बोटं आत काहीतरी चाचपत होती. एक झाकण हाताला लागलं, ते बाहेर आलं. पातेलं काही हाती लागेना. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली. मग तिन्ही भांडी आत सारली, कड धरून उठली आणि ओट्यावरची दोन लहान पातेली घेतली. एका पातेल्याचं काम तिने दोन पातेल्यांत केलं.

मी आवाज न करता मागे सरकले. त्या दिवशी ओट्याकडे पाहिलं तेव्हा तो पसारा मला पहिल्यांदा वाचता आला. तिथे मांडलेली प्रत्येक वस्तू तिच्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत होती, हात लांबवला की मिळणारी. वाकायला लावणारी एकही वस्तू रोजच्या वापरात उरली नव्हती. तिच्या गुडघ्यांनी तिला जेवढं घर दिलं होतं, तेवढ्यात ती राहत होती, आणि दर वेळी येऊन तेवढंही मी काढून घेत होते.

ती बाहेर गेल्यावर मी टेप घेऊन त्या कपाटासमोर बसले. आतली खोली ५५ सेंटिमीटर. पुढच्या साधारण २० सेंटिमीटरमधली भांडी लखलखीत होती. त्यामागे धुळीची एक रेघ अशी स्पष्ट होती की तिथपर्यंतच हात पोचतो हे कुणी सांगायला नको. रेघेपलीकडे जे होतं ते आम्ही सगळेच विसरलो होतो. ज्यांची भांडी कधीच गेली अशी झाकणं, मूठ निखळलेली कढई, आणि एकसारख्या तीन चाळण्या. तिसरी चाळणी मीच घेऊन दिली होती. चाळणी सापडत नाही, असं ती म्हणाली होती म्हणून. ती हरवलेली नव्हतीच, फक्त ४० सेंटिमीटर आत होती.

तेव्हापासून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खालच्या कपाटाला एवढी खोली का असते? वरचा ओटा साधारण ६० सेंटिमीटर खोल लागतो, कारण त्यावर शेगडी बसवायची, भांडं धुवायचं, पुढे उभं राहून काम करायचं. खालच्या कपाटाने ती खोली आयती घेतली. सामान ठेवायला इतकी खोल फळी बरी पडते का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. वरची भिंतीवरची कपाटं बघा, ती बहुधा ३० ते ३५ सेंटिमीटर खोल असतात आणि त्यांत काही हरवल्याची तक्रार फारशी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की गुडघ्याच्या उंचीवरची ५५ सेंटिमीटर खोल, जागची न हलणारी फळी ही वस्तूच चुकीची आहे. ती फळी हलायला हवी.

त्या हलणाऱ्या फळीला सुतार सरकता ट्रे म्हणतात, दुकानात ट्रॉली म्हणतात, कुणी पुलआउट म्हणतं. दार तेच, कपाट तेच. आतली फळी काढायची, तिच्या जागी कमी उंचीच्या कडा असलेला ट्रे चॅनलवर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सरकत्या धातूच्या पट्ट्यांवर, बसवायचा. ओढला की सगळा बाहेर येतो, आणि सगळ्यात मागची वस्तू वरून, उजेडात दिसते.

यामागे शरीराचा हिशोब आहे आणि तो आकड्यांत मांडलेला आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९९१ साली वजन उचलण्याचं आपलं सूत्र सुधारलं. कारखान्या-गोदामांतल्या कामगारांसाठी ते आहे. सगळं अनुकूल असेल तर त्यात सुरक्षित वजनाची सुरुवात २३ किलोपासून होते. वस्तू शरीरापासून २५ सेंटिमीटरवर असेल तर ते २३ किलो कायम राहतात. तीच वस्तू ५० सेंटिमीटर लांब असेल तर आकडा थेट निम्मा होतो. जमिनीलगतची वस्तू असेल तर उंचीमुळेही आकडा घटतो, पण पाव हिश्शापेक्षा कमीच. म्हणजे वाकण्यापेक्षाही लांबवर हात घालून उचलणं शरीराला महाग पडतं. आणि हे सूत्र दोन्ही हातांनी, उभ्याने उचलण्याचं आहे. गुडघे टेकून किंवा एका हाताने उचलण्याला ते लागूच होत नाही. आई त्या सकाळी नेमकं तेच करत होती. गुडघ्यांवर बसून, एका हाताने, न दिसणारं पातेलं खेचत होती.

सरकता ट्रे वस्तूची उंची बदलत नाही. वाकावं लागतंच. पण ते ५० सेंटिमीटर तो खाऊन टाकतो. वस्तू पायांजवळ येते, दोन्ही हात लावता येतात आणि पाठ वस्तूच्या वर राहते.

घरकामाकडे या नजरेने बघणाऱ्या लिलियन गिलब्रेथ मला फार जवळच्या वाटतात. त्या अमेरिकन अभियंता आणि मानसशास्त्रज्ञ होत्या. कारखान्यांत हालचालींचा अभ्यास करता करता तीच नजर त्यांनी स्वयंपाकघराकडे वळवली. फ्रिजच्या दारातल्या फळ्यांचं आणि पायाने उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. फ्रिजच्या दारातली फळी म्हणजे तरी काय? दार उघडलं की सामान आपणहून समोर येतं, मागे दडायला जागाच नाही. पुढे हृदयविकार झालेल्या आणि अपंगत्व आलेल्या स्त्रियांना काम करता येईल असं स्वयंपाकघर कसं असावं, यावरही त्यांनी काम केलं. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखलं आणि ते सुमारे १०,००० घरांत बसलं. त्यात कोरड्या सामानासाठी ॲल्युमिनियमचे ओढून काढायचे खण होते. त्यांना धरायला मूठ आणि ओतायला चोच. खण ओढायचा, तसाच उचलायचा, ओतायचा, परत सारायचा. इतक्या लहान जागेत एकही हालचाल वाया जाऊ नये, याची ती काळजी आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण माझी चूक तिथे झाली.

माप मीच घेतलं. कपाट बाहेरून ६०० मिलीमीटर, दोन्ही बाजूंच्या १८ मिलीमीटरच्या फळ्या वजा केल्यावर आत ५६४. टेलिस्कोपिक चॅनलला दर बाजूला १२.७ मिलीमीटर, म्हणजे अर्धा इंच जागा लागते हे मी वाचलं होतं. दोन्ही बाजूंचे मिळून साधारण २६ वजा करून ५३८ मिलीमीटरचा ट्रे मी सुतारकाकांकडून करून घेतला. चॅनल मी स्वतः बसवले. पहिल्यांदा ओढला तो ट्रे दारावर आदळला. कपाटाची दोन्ही दारं काटकोनात उघडतात, पण बिजागरीमुळे दाराची जाडी थोडी आतच, वाटेत उभी राहते. दोन-तीनदा जोर लावला तेव्हा दाराच्या कडेचं लॅमिनेट उडालं. आई शेजारीच उभी होती. "राहू दे गं, चालतंय मला आहे तसं," असं ती म्हणाली, आणि तो उडालेला टवका तिने उचलून हातात धरला. मला रडू आलं.

काका आले, दार दोनदा उघडून-मिटून बघितलं. म्हणाले, "ताई, माप कपाटाचं घ्यायचं नसतं. दार उघडल्यावर जी वाट उरते ना, तिचं घ्यायचं." त्यांनी दोन्ही बाजूंना आतून १८ मिलीमीटर प्लायच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे चॅनल दाराच्या जाडीच्या आत आले, आणि ट्रे कापून ५०२ चा केला. त्या वाटेचंही माप एकाच ठिकाणी घ्यायचं नाही. पुढे, मध्ये आणि मागे, अशा तीन ठिकाणी घ्यायचं आणि सगळ्यात कमी भरेल ते धरायचं, कारण कपाट वरवर कितीही चौकोनी दिसलं तरी आत दोन-चार मिलीमीटर इकडेतिकडे असतंच. दोन्ही चॅनल पाणसळ लावून एका उंचीवर आणि गुण्याने समोरच्या कडेशी काटकोनात आले नाहीत, तर ट्रे अडखळत चालतो. चॅनलला लांबट भोकं असतात ती याचसाठी. आधी त्यांतून स्क्रू लावायचा, ट्रे चालवून बघायचा, वर-खाली सरकवून जुळवायचा आणि मगच गोल भोकांतून पक्का करायचा. मी सरळ गोल भोकांनाच हात घातला होता.

रुंदीचा हिशोब लक्षात आला असेल. ५६४ चे ५०२ झाले, म्हणजे जवळजवळ नववा हिस्सा गेला. उंचीतही ट्रेचा तळ आणि वरची मोकळीक मिळून काही जातं. सरकत्या ट्रेने जागा वाढते असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. जागा कमी होते. पण आधी त्या फळीचा पुढचा २० सेंटिमीटरचा पट्टा आईचा होता, आता ५० सेंटिमीटर तिचे आहेत. हा व्यवहार मी पुन्हा करीन, दर वेळी करीन.

चॅनल घेताना एकच गोष्ट हट्टाने मागायची. तो पूर्ण उघडणारा हवा. साधा रोलर चॅनल बहुधा पाऊणच उघडतो. ५०० मिलीमीटरच्या ट्रेचा मागचा १२५ मिलीमीटर भाग आतच राहतो, आणि मग तिथे परत चाळण्या हरवायला लागतात. बेअरिंगच्या ४५ मिलीमीटर उंचीच्या चॅनलच्या जोडीवर साधारण ३५ ते ४५ किलो क्षमता लिहिलेली असते. रोजच्या भांड्यांना ती पुरते, पण जाड बुडाची भांडी एकात एक रचून ठेवणाऱ्यांनी एकदा वजन करून बघावं. माझ्या अंदाजापेक्षा आईचा खालचा ट्रे बराच जड निघाला.

ट्रेच्या तिन्ही कडा बुटक्या ठेवल्या, सात-आठ सेंटिमीटर. बाजूने भांडी दिसली पाहिजेत. मागची पट्टी मात्र काकांनी आपल्या मनाने दुप्पट उंच केली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, मागून काही पडलं की ट्रे बंद होत नाही, आणि ते काढायला अख्खा ट्रे उतरवावा लागतो. वरच्या ट्रेमध्ये उभ्या पट्ट्या लावून झाकणं पुस्तकांसारखी उभी केली. एकावर एक ठेवलेली झाकणं म्हणजे दर वेळी सगळी उचला, हवं ते काढा, सगळी परत ठेवा. मूठही बदलली. गोल बटणाला बोटांची चिमूट लागते आणि सांधे दुखणाऱ्याला तीच जमत नाही. चार बोटं आत जातील अशी लांब, आडवी मूठ लावली.

नवं स्वयंपाकघर करत असाल तर दारामागचे ट्रे करूच नका, सरळ खोल ड्रॉवर करा. दार उघडा आणि मग ट्रे ओढा, या दोन हालचालींची एक होते आणि बिजागरीची कटकटच राहत नाही. ट्रे हा जुन्या कपाटाला दिलेला आधार आहे. भाड्याच्या घरात स्क्रू मारता येत नसतील, तर पुढे मूठ असलेला लांबट, अरुंद खोका फळीवर ठेवला तरी अर्धं काम होतं. आणि कपाट सुटं उभं असेल तर आधी ते भिंतीला पक्कं करा. भरलेले ट्रे एकदम बाहेर ओढले तर अख्खं कपाट पुढे झुकू शकतं.

बाथरूमचं कपाट मी सोपं समजत होते. बेसिनखालचं, लहानसं, आत बाटल्या आणि साबण. आतलं सगळं बाहेर काढलं तेव्हा तळाची फळी फुगलेली दिसली. बोटाने दाबली तर ओला भुसाच निघाला. बेसिनच्या सांडपाण्याच्या पाइपातल्या बाटलीसारख्या ट्रॅपची चकती सैल झाली होती आणि थेंब थेंब पाणी मागच्या कोपऱ्यात उतरत होतं. किती दिवस, कोण जाणे. पुढे बाटल्यांची इतकी दाटी होती की मागचा कोपरा कुणी बघितलाच नव्हता. आई म्हणाली, "वास येत होता गं. मला वाटलं, बाथरूमचाच असेल." इथेही तेच. हात न पोचणारी जागा डोळ्यांनाही पोचत नाही.

तिथला ट्रे वेगळा करावा लागतो. मध्ये पाइप उभा असतो म्हणून ट्रेला मागून चौकोनी खाच द्यायची, म्हणजे तो पाइपाला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन आत जातो. खाच पाइपाला चिकटून ठेवायची नाही. ट्रॅपची चकती फिरवायला मूठ मावली पाहिजे आणि पाण्याचा कॉक कधीही बंद करता आला पाहिजे. भुश्याच्या बोर्डाऐवजी पाण्यात टिकणारा प्लाय घेतला, कापलेल्या सगळ्या कडा सील केल्या, चॅनल स्टेनलेस स्टीलचे लावले. ट्रे तळापासून चार बोटं वर आहे. ओढला की खालची फरशी दिसते आणि थेंब पडला तर त्याच दिवशी कळतं. माझ्या मते बाथरूममध्ये या ट्रेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, सामान लावण्याचा त्यानंतरचा.

सगळं बाहेर काढल्यामुळे आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. ब्लीच आणि आम्लाचा टॉयलेट क्लीनर शेजारी शेजारी होते, दोन्हींची बुचं अर्धवट लागलेली. ती दोन एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. आता ती वेगवेगळ्या ट्रेमध्ये आहेत आणि मुलं येतात म्हणून दाराला आतून खटका आहे. दुसरं म्हणजे आईच्या गोळ्या. वाफेने भरणाऱ्या खोलीत औषधं ठेवू नयेत, हे मला माहीत होतं. ती तिथे ठेवते, हे माहीत नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, त्या कपाटाचा वरचा कप्पा बरोबर हाताच्या उंचीवर येतो. गोळ्या आता स्वयंपाकघरात, त्याच उंचीच्या एका कोरड्या खणात आहेत.

ट्रे बसले त्या संध्याकाळी मी ओटा आवरायला गेले नाही, मुद्दाम बाहेर बसून राहिले. बऱ्याच वेळाने चॅनलचा सरसर आवाज आला, मग थांबला. परत आला. ती ट्रे नुसताच आत-बाहेर करत होती. नंतर भांड्यांचा आवाज झाला. मी आत गेले तेव्हा मोठं पातेलं ओट्यावर होतं आणि ती बुडावरची जुनी धूळ घासत होती.

ओटा अजून पूर्ण रिकामा झालेला नाही. मिक्सर आणि एक कुकर वरच आहे, आणि तो तिथेच बरा आहे. एक कपाट उरलंय, कोपऱ्यातलं, जिथे दोन ओटे काटकोनात मिळतात आणि निम्मी जागा शेजारच्या कपाटामागे दडते. तिथे सरळ ट्रे चालणार नाही, फिरती चकती लागेल किंवा आधी पुढे आणि मग आडवा सरकणारा जोड लागेल. मी ते पुढे कधीतरी बघू म्हणून सोडून दिलं होतं. आईने कधीच काही मागितलेलं नाही, तेव्हा याबद्दलही ती बोलली नाही. पण काल मी निघताना माझ्या पिशवीत वर मोजायची टेप होती, आणि तिच्या खाली, घडी घालून, तिच्या अक्षरात त्या कोपऱ्याची तीन मापं. पुढचं, मधलं, मागचं.